पुढचा पाय

"तिचा उजवा पाय मागे गेला पाहिजे. शेवटचं सांगतोय."

"मीही शेवटचंच सांगतो. मान हलवू नका."

"विषय बदलू नका."

"विषय कुठला बदलतोय, हातात वस्तरा आहे. गाल तुमचा, बोटं माझी. सगळं जागच्या जागी राहू दे."

खुर्चीत बसले होते रस्त्यापलीकडच्या अग्निशमन केंद्रातले बंबवाले काका. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी चादर, अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्ध्यावर फेस. मागे वस्तरा घेऊन उभे होते सलूनचे मालक, म्हणजे बाबा. आणि ज्या पायावरून ही जुंपली होती, तो पाय तिथेच कापलेल्या केसांच्या ढिगात उभा होता. बाबांच्या चौदा वर्षांच्या लेकीचा. हातात झाडू, अंगाने काडी, डोक्यावर केसांचा ताठ शेंडा. म्हणून गिऱ्हाइकांनी तिला केरसुणी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं काही चिकटलं की शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी संपली की त्याच नावाने हाक मारायच्या.

काका केंद्राच्या मागच्या शेडमध्ये पोरापोरींना बॉक्सिंग शिकवायचे. केरसुणी महिनाभर तिथे जात होती, आणि महिनाभर चुकीचा पाय पुढे टाकून उभी राहत होती.

"कारागीर, मला एक सांगा," काका आरशातूनच बाबांशी बोलत होते. "केस कापताना डोक्याशी आधी काय जातं? कंगवा की कात्री?"

"कंगवा."

"कुठल्या हातात?"

"डाव्या."

"झालं तर. डावा पुढे जाऊन चाचपणार, उजवा मागून येऊन काम उरकणार. स्वतः जन्मभर तेच करताय, आणि पोरीला मात्र कात्री पुढे करून पाठवताय."

बाकावर नंबर लावून बसलेली मंडळी खो खो हसली. बाबांनी शांतपणे वस्तरा फडक्याला पुसला.

"आता माझं ऐका. आग लागली. पाण्याच्या पाइपाचं तोंड कोणाच्या हातात देता? नवख्याच्या की जाणत्याच्या?"

"जाणत्याच्या. हे काय विचारणं झालं?"

"आणि नवखा?"

"तो मागे. पाइप उचलून धरायला."

"मग माझ्या पोरीने जाणता हात पुढे ठेवला, तर तुमच्या पोटात का दुखतं?"

आता बाक काकांकडे बघायला लागलं. काकांनी तोंड उघडलं. त्यात शब्द येणार एवढ्यात पलीकडे केंद्रातली घंटा वाजली, ती लांबलचक, छाती धडधडवणारी. काका उठले. चादर गळ्याला, फेस अर्ध्या गालाला, आणि उत्तर न देताच माणूस दारातून बाहेर, रस्ता ओलांडून, थेट बंबावर.

"चादर," बाबा मागून ओरडले. मग बाकाकडे वळून म्हणाले, "बघितलंत? निरुत्तर केला."

हे भांडण पुढे कित्येक वर्षं चाललं. केरसुणी त्यातच वाढली.

आता हा उलटा पाय आला कुठून, ते काकांना बरेच दिवस उमगलं नाही. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवतो आणि जोराचा उजवा हात मागे राखून ठेवतो. डावखुरा याच्या उलट. केरसुणी लिहायची उजव्या हाताने, जेवायची उजव्या हाताने, झाडूची मूठ तिच्या उजव्या हातात. आणि लढायला उभी राहिली की थेट डावखुरी.

कोडं सुटलं ते काकांच्या अर्ध्या राहिलेल्या दुसऱ्या एका दाढीत. टीव्हीवर बॉक्सिंगचा सामना लागला होता. टीव्ही होता दारावर टांगलेला आणि खुर्च्यांची तोंडं आरशाकडे, त्यामुळे या दुकानात टीव्ही बघायचा तो आरशातच. काका बघत होते. पडद्यावरचे आकडे उलटे, अक्षरं उलटी, आणि खेळाडू उजवा पाय पुढे टाकून उभे. आणि खुर्चीच्या बाजूला, त्याच आरशाकडे तोंड करून, झाडू बगलेत धरून केरसुणी. तीही उजवा पाय पुढे टाकून. ते ठोसा मारत, ती मारी. ते वाकत, ती वाके.

"अगं केरसुणे, तू हे आरशात बघून शिकलीस?"

"मग कशात बघू?"

"सरळ टीव्हीत बघ की."

"टीव्हीत बघायचं तर दाराकडे तोंड करावं लागतं. मग खुर्चीखालचे केस कोण काढणार?"

काकांनी कपाळावर हात मारला. तिथेही फेस लागला.

शेडमध्ये छताला बंबाचे धुतलेले लांबच लांब पाइप वाळत टांगलेले असायचे. त्यांच्या मधोमध वाळू आणि चिंध्या भरलेली पोत्याची बॅग. वरून पाणी ठिबकायचं, खाली पोरं घामाने ठिबकायची. काकांचं शिकवणं जोरदार, पण एक भानगड होती. घंटा वाजली की काका जसे असतील तसे पळायचे. जाताना सांगून जायचे, "मी येईपर्यंत हेच." आणि पोरं ते शब्दशः पाळायची, कारण थांबायचं कधी हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एकदा "नुसता पुढचा हात" म्हणून काका गेले ते एका गोदामाची मोठी आग विझवून दिवेलागणीला परतले. शेडमध्ये पाचही पोरं अजून पुढचा हात मारत होती. एकाला रडू फुटलेलं. केरसुणीचा खांदा लोंबत होता, पण ठोसा थांबला नव्हता.

"अरे मूर्खांनो, घरी का नाही गेलात?"

"तुम्हीच म्हणालात, हेच."

काकांनी त्या दिवशी सगळ्यांच्या खांद्यांना स्वतः तेल चोळलं. केरसुणीचा खांदा चोळताना ते थबकले. तिचा पुढचा हात म्हणजे उजवा, मुळातच जोराचा. आणि आता तो हत्यार झाला होता. दुसऱ्यांचा पुढचा हात दारावर टकटक करतो. हिचा दार पाडत होता.

"बाबांना सांगू नकोस," काका पुटपुटले, "पण राहू दे सध्या तो पाय."

बाबांना अर्थातच रात्रीच्या जेवणाआधीच कळलं.

मग जी सुरुवात झाली, विचारू नका. शाळा, जिल्हा, विभाग. समोरच्या मुलीला कळायचंच नाही की तडाखा कुठून आला. जोराचा ठोसा मागून येतो असं तिला शिकवलेलं, आणि इथे तो पहिल्याच क्षणी नाकावर. प्रत्येक सामना संपला की घरी फोन. फोन आई उचलायची. आईला बॉक्सिंगमधलं एकच कळत होतं.

"नाक कसं आहे?"

"आई, मी जिंकले."

"ते कळेल मला. नाक कसं आहे?"

एकदा नाक खरंच मोडलं. तेव्हा आईने फोनवर दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं, "आणि तिचं?"

"तिचंही."

"बरं मग," आई म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला.

विसाव्या वर्षी केरसुणीला नोकरी लागली, तीही कुठे, तर रस्त्यापलीकडे. अग्निशमन केंद्रात. बॉक्सिंगने पोट भरत नाही. ती हौशी खेळाडू, सकाळी ठोसे, दिवसा कामाची पाळी. काका तेव्हा निवृत्तीला आले होते. आता घंटा वाजली की दोघंही एकाच बंबावर चढायचे, आणि वाटेत वाद चालू. "अजूनही सांगतो, डावा पाय पुढे." "काका, आधी शिडी धरा."

पण खरा पेच पडला तो राष्ट्रीय शिबिरात. तिथल्या मुख्य प्रशिक्षक, मॅडम, बारीक केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी केरसुणीला एक फेरी खेळताना पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

"तू डावखुरी आहेस?"

"नाही."

"मग अशी का उभी राहतेस?"

केरसुणीने आरशाची गोष्ट सांगितली. बाकीच्या मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"ऑलिम्पिकला वरच्या दर्जाच्या मुली असतात. तुझा हात त्यांनी चित्रफितीत शंभरदा बघितलेला असेल. एक दरवाजा असलेलं घर लुटायला सोपं असतं. उद्यापासून डावा पाय पुढे."

झालं. वर्षभर केरसुणी डावा पाय पुढे टाकून मार खात होती. ज्या मुलींना ती चुटकीसरशी हरवायची, त्या तिला कोपऱ्यात घालून बडवत. ठोसा मारावा तर पाय अडखळे, पाय सांभाळावा तर ठोसा विसरे. दुकानात फोन केला की बाबा म्हणत, "निघून ये." काका मागून फोन ओढून घेत, "अजिबात येऊ नकोस, बाई बरोबर सांगतेय." आणि मग फोनवर तिच्याशी कोणीच बोलत नसे, ते दोघं एकमेकांशीच भांडत. ती फोन कानाला लावून ऐकत राही. तेवढ्यानेही तिला बरं वाटे.

ऑलिम्पिकच्या निवडीच्या सामन्यात मॅडमनी हुकूम सोडला, "डावा." पहिली फेरी डाव्याने गेली, म्हणजे गेलीच. दुसऱ्या फेरीच्या घंटेला केरसुणी उठली आणि पाय आपोआप बदलला. उजवा पुढे. तिथून पुढे समोरच्या मुलीला श्वास घ्यायला सवड मिळाली नाही. पंचांनी केरसुणीचा हात उंचावला.

मॅडम रिंगच्या दोऱ्यांपाशी आल्या. केरसुणीला वाटलं, आता ही बाई मला घरी पाठवणार.

"जिंकलीस," मॅडम म्हणाल्या. "पण मी चुकले असं समजू नकोस. उद्या सकाळी डावा."

आणि ती गेली, ऑलिम्पिकला. मॅडमनी सोबत कोपऱ्यात पाण्याची बाटली आणि स्टूल सांभाळायला कोणाला घ्यावं? निवृत्त झालेल्या काकांना. "ही तुमच्याशी भांडली नाही तर हिला झोप लागत नाही, असं दिसतंय," एवढंच त्यांनी कारण दिलं. काकांनी नवा कोट शिवला. बाबांनी त्यांची दाढी केली. पहिल्यांदाच पूर्ण झाली ती.

पहिला सामना सोपा गेला. दुसरा घासून गेला. तिसरा उपांत्यपूर्व. हा जिंकला की पदक नक्की, हरला की घर. समोर होती मागच्या वेळची विजेती, उंच, थंड डोक्याची, आणि तिने केरसुणीचा खेळ पाठ करून ठेवला होता. उजवा हात निघायच्या आत ती जागेवर नसे. हवेत ठोसे, हवेत ठोसे. दुसऱ्या फेरीत केरसुणीने मॅडमचं ऐकून डावा पाय पुढे टाकून पाहिलं. तरी तेच. दोन फेऱ्या झाल्या, फलकावर पाचांतले तीन परीक्षक समोरचीच्या बाजूने.

केरसुणी स्टुलावर बसली. काकांनी बाटली तोंडाला लावली. एक मिनिट.

"डावाच ठेव," मॅडम तिच्या गुडघ्यांसमोर बसून म्हणाल्या. "फेरीच्या शेवटी ती गोंधळायला लागली होती."

"उजवा," काका म्हणाले.

मॅडमनी वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"उजवा. तिचा स्वतःचा. वर्षानुवर्षं मी डावा डावा केलं, बाई, पण आता शेवटची फेरी आहे. पोरगी ज्या पायावर वाढली त्याच्यावर लढू दे."

"तुम्हाला स्टूल धरायला आणलंय."

"स्टूल धरलंय की. तोंड मोकळं आहे."

केरसुणी दोघांचंही ऐकत नव्हती. ती बघत होती. समोरच्या कोपऱ्यावर, उंचावर मोठा पडदा होता आणि त्यावर झालेल्या दोन्ही फेऱ्यांतले क्षण संथ गतीने दाखवत होते. लहानपणापासून ती असंच शिकली होती, डोक्यावर पडदा आणि मागे दोन माणसांचं भांडण. फक्त हा पडदा आरशात नव्हता. पहिल्यांदाच तिने स्वतःला सरळ पाहिलं. आणि समोरचीला पाहिलं. आणि मग तिला ते दिसलं.

समोरची तिच्या हातांकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती. केरसुणीचा पुढचा पाय कुठला, त्यावरून ती कुठे सरकायचं ते ठरवत होती. उजवा असेल तर एकीकडे, डावा असेल तर दुसरीकडे. पाय मांडला रे मांडला की चोरी पकडली.

म्हणजे उजवा मांडला तरी पकडली जाणार, आणि डावा मांडला तरी.

"मग कुठला?" मॅडम विचारत होत्या. "केरसुणी, कुठला?"

घंटा झाली. ती उठली.

आणि मग ती चालली. बस्स, चालली. सलूनमध्ये दोन खुर्च्यांमधून, गिऱ्हाइकांच्या पायांतून, झाडू मारत ती जशी चालायची तशी. झाडताना कोणी पाय मांडत नाही. उजवा येतो, डावा येतो, परत उजवा, आणि केस पुढे ढकलले जात राहतात. समोरचीने खाली पाहिलं, उजवा दिसला; ती सरकली, तोवर तिथे डावा आलेला आणि मागून उजवा ठोसा. तिने पुन्हा पाहिलं, डावा. ती उलटी सरकली, आणि तिकडे डाव्या हाताचा हूक वाट बघत उभा. ज्या डाव्या बाजूने वर्षभर मार खाल्ला होता, ती डावी बाजू आता कोरी करकरीत, तयार. प्रेक्षकांत आवाज वाढायला लागला. काका स्टूल डोक्यावर धरून उड्या मारत होते. समोरची आता हातांकडे बघू की पायांकडे, अशा घोळात मागे मागे जात होती, आणि केरसुणी तिला ढिगासारखी कोपऱ्याकडे लोटत होती. शेवटचे क्षण. एक ठोसा असा बसला की त्या थंड डोक्याच्या मुलीचं हेडगार्ड कानावर सरकलं.

घंटा.

निकाल सांगताना निवेदक इतका वेळ थांबला की काकांनी मॅडमचा हात धरला, आणि मॅडमनी तो सोडवून घेतला नाही. तीन विरुद्ध दोन. केरसुणीचा हात वर गेला.

उपांत्य सामन्यात ती हरली. साफ हरली, समोरची चांगलीच होती, त्यात काही सांगण्यासारखं नाही. कांस्यपदक गळ्यात घालून ती घरी आली. दारात आईने पदक बाजूला सारलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, नाक नीट तपासलं आणि मग तिला जवळ घेतलं.

पदक सलूनमध्ये आरशाच्या वर टांगलं. दुसऱ्याच आठवड्यात केरसुणी पाळीवर रुजू झाली. दुपारी जरा सवड होती म्हणून ती रस्ता ओलांडून बाबांच्या खुर्चीत येऊन बसली. गळ्याला चादर, एका बाजूचे केस कापून झालेले. बाकावर काका, हातात वर्तमानपत्र, वाचत मात्र नव्हते.

"एक कबूल करायचं होतं," बाबा कात्री थांबवून म्हणाले. "बंबवाले, तुझंच खरं निघालं."

या सगळ्या वर्षांत ते केव्हातरी अरेतुरेवर आले होते.

"कशाबद्दल?"

"पायाबद्दल. तो शेवटचा ठोसा. तिचा डावा पाय पुढे होता. मी डोळ्यांनी पाहिलं. तू पहिल्यापासून सांगत होतास, मीच हट्टाला पेटलो."

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "वेडा आहेस का? मी चार हातांवर उभा होतो. उजवा पाय पुढे होता. खरं तुझं निघालं."

"अरे मी मोठेपणाने कबूल करतोय तर घे ना."

"घेणार नाही. खोटं कशाला घेऊ? आणि तू पाहिलंस ते कुठे पाहिलंस?"

"इथेच. टीव्हीवर."

"टीव्हीवर की आरशात?"

बाबांनी दारावरच्या टीव्हीकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग हातातल्या कात्रीकडे.

"दुकानात गिऱ्हाईक होतं," ते हळूच म्हणाले.

"लेकीचं पदक ठरत होतं आणि तू दाढी करत होतास?"

"हात चालू असला की धडधड कमी होते. पण शेवटी शेवटी मी मागे वळलो होतो."

"ठोशाच्या आधी की नंतर?"

"आधी. बहुतेक."

"बहुतेक म्हणे. उजवा होता. जिंकलास तू, मान्य कर."

"डावा होता. तू जिंकलास, तूच मान्य कर."

"मी मरेन पण जिंकलो असं म्हणणार नाही."

बाकावर नंबर लावून बसलेले दोघं आता पुढे सरकून बसले. बाबांनी खुर्ची फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खुर्चीचं तोंड आरशाकडून बाकाकडे झालं. समोर काका, मागे बाबा, मध्ये अर्धवट कापलेल्या केसांची केरसुणी.

"हिलाच विचार," काका म्हणाले. "पाय हिचा आहे. सांग गं, केरसुणे. शपथ आहे तुला. शेवटच्या ठोशाला कुठला पाय पुढे होता?"

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "माझं मन मोडेल म्हणून लपवू नकोस. डावा होता ना?"

केरसुणीने दोघांकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तिने तोंड उघडलं.

पलीकडे घंटा वाजली.

तिने गळ्यामागची गाठ सोडली, चादर बाबांच्या हातात दिली, एका कानावर कापलेले आणि दुसऱ्यावर न कापलेले केस तसेच घेऊन दार ढकललं आणि रस्ता ओलांडून गेली. बाकावर बसल्या बसल्या काकांचे दोन्ही पाय उठायच्या तयारीत हलले, आणि दोघंही म्हातारे दारात येऊन, तिचा कुठला पाय आधी पडतोय ते बघत उभे राहिले.